क्यूबिटांची मोजदाद आणि पवईची कार्यशाळा

२०२५ च्या नोव्हेंबर महिन्यात केंद्रीय विज्ञान राज्यमंत्री डॉ. जितेंद्र सिंह यांनी पवईच्या आयआयटीत एक घोषणा केली. क्वांटम उपकरणे घडविण्यासाठी लागणाऱ्या सुविधा मुंबई, बंगळूर, कानपूर आणि दिल्ली येथील चार संस्थांत उभारल्या जातील व त्यांवर ७२० कोटी रुपये खर्च होतील, अशी ती घोषणा होती. अशा घोषणांचे आयुष्य सामान्यतः एका दिवसाचे असते. क्वांटम संगणकासंबंधीच्या ज्या बातम्या लोकांच्या ध्यानात राहतात त्या आकड्यांच्या. अमक्या कंपनीने शंभर क्यूबिटांचा संगणक केला, तमक्या कंपनीने हजाराचा टप्पा ओलांडला, आपण पंचविसावर आहोत, असे त्यांचे स्वरूप असते. क्रिकेटच्या धावफलकाप्रमाणे आकडे वाचण्याची आपल्याला सवय आहे. परंतु या विषयात धावफलक फसवा ठरण्याचा संभव फार. पवईत झालेली घोषणा ही आकड्यांच्या बातम्यांहून अधिक महत्त्वाची आहे, आणि ती नीट अमलात आली नाही तर होणारे नुकसानही अधिक मोठे असेल. असे का, हे समजून घेण्यासाठी क्वांटम संगणकाच्या अनेक मार्गांपैकी एका मार्गाचा परिचय करून घेणे आवश्यक आहे. तो मार्ग म्हणजे क्वांटम बिंदूत बंदिस्त केलेल्या एकेका इलेक्ट्रॉनच्या परिवलनाचा, म्हणजेच ‘स्पिन’चा.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम अभियानाला मान्यता दिली. २०२३-२४ ते २०३०-३१ या आठ वर्षांसाठी त्याला ६००३ कोटी ६५ लक्ष रुपयांची तरतूद आहे. अभियानाची चार केंद्रे २०२४ साली जाहीर झाली. संगणनाचे केंद्र बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे, संदेशवहनाचे मद्रासच्या आयआयटीकडे, साहित्य व उपकरणांचे दिल्लीच्या आयआयटीकडे, आणि सूक्ष्म संवेदन व मापन यांचे पवईकडे आले. आठ वर्षांत पन्नास ते एक हजार क्यूबिटांचे संगणक तयार करावयाचे, असे अभियानाचे उद्दिष्ट आहे. म्हणजे धावफलक सरकारनेही टांगला आहे.

वाफ्यात अडविलेला इलेक्ट्रॉन

इलेक्ट्रॉन हा विद्युत्भार वाहतो, तसाच तो एका अतिसूक्ष्म चुंबकसूचीप्रमाणे वागतो. या गुणधर्माला परिवलन म्हणतात. १९२२ साली स्टर्न आणि गेरलाख यांच्या प्रयोगात त्याची खूण दिसली, आणि १९२५ साली उलेनबेक व गाउडस्मिट या तरुण डच शास्त्रज्ञांनी तिचा अर्थ लावला. नाव परिवलन असले तरी इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा खरोखर फिरत नाही. शब्द केवळ सोयीचा आहे. चुंबकीय क्षेत्रात ही सूची मोजली असता दोनच उत्तरे मिळतात, वर किंवा खाली. संगणकाच्या शून्य आणि एक या भाषेला हे तंतोतंत जुळते. मात्र मोजण्यापूर्वी ती सूची या दोहोंच्या मिश्र अवस्थेत राहू शकते, आणि दोन सूचींच्या अवस्था परस्परांत अशा गुंफल्या जाऊ शकतात की एकीचे वर्णन दुसरीवाचून करता येत नाही. साध्या संगणकातील बिट आणि क्वांटम संगणकातील क्यूबिट यांत फरक आहे तो हा.

क्वांटम संगणक सर्व उत्तरे एकाच वेळी तपासतो, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते बरोबर नाही. पाण्यावरील दोन लाटा जशा कोठे परस्परांना वाढवितात आणि कोठे नाहीशा करतात, तसे चुकीच्या उत्तरांकडे नेणारे मार्ग परस्परांना छेदून टाकतील आणि योग्य उत्तराकडे नेणारे बळावतील, अशी रचना करणे हे या गणिताचे मर्म आहे. म्हणूनच तो सर्व कामांत जलद नाही. रेणूंचे वर्तन, काही विशिष्ट शोधप्रश्न, मोठ्या संख्यांचे अवयव पाडणे अशा मोजक्या कामांत तो श्रेष्ठ ठरेल. पगारपत्रके किंवा परीक्षांचे निकाल तयार करण्यासाठी त्याची गरज भासणार नाही.

आता क्वांटम बिंदू. शेतकरी बांध घालून वाफ्यात पाणी अडवितो, तसे अर्धसंवाहकाच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म धातूच्या पट्ट्या बसवून व त्यांना योग्य विद्युत्दाब देऊन इलेक्ट्रॉनांना एका लहानशा जागेत अडविता येते. ही जागा काही दशक नॅनोमीटर रुंदीची असते. दाब बदलत गेले की आतील इलेक्ट्रॉन एकेक करून बाहेर काढता येतात आणि शेवटी एकच उरतो. त्या एकट्या इलेक्ट्रॉनचे परिवलन म्हणजे क्यूबिट. १९९८ साली डॅनिएल लॉस आणि डेव्हिड डिव्हिन्सेन्झो यांनी ही कल्पना मांडली. सूक्ष्मलहरींचा नेमका झटका देऊन एकेक सूची वळवावयाची. शेजारच्या दोन बिंदूंमधील बांध क्षणभर उतरवून दोन सूचींत देवघेव घडवावयाची. आणि पुन्हा बांध उभारावयाचा. वाचनाची युक्तीही चतुर आहे. एका सूचीचे चुंबकत्व इतके क्षीण असते की ते थेट मोजणे जवळजवळ अशक्य. त्यामुळे सूची वर असेल तरच इलेक्ट्रॉन बाहेर पडू शकेल अशी व्यवस्था करतात, आणि तो बाहेर पडला की नाही हे जवळच्या भारमापकावर पाहतात.

वाळूतून निघालेला मार्ग

आरंभीची अनेक वर्षे हे प्रयोग गॅलियम आर्सेनाइड या पदार्थात झाले. हार्वर्ड आणि नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे २००४ ते २००६ या काळात एका-दोन इलेक्ट्रॉनांचे परिवलन वळविण्यात व वाचण्यात यश आले. परंतु त्या पदार्थातील प्रत्येक अणुकेंद्र स्वतःच एक लहान चुंबक असते. लक्षावधी चुंबकांच्या त्या गजबजाटात इलेक्ट्रॉनची अवस्था काही नॅनोसेकंदांतच विस्कटून जाई. याला उत्तर मिळाले ते सिलिकॉनमध्ये. निसर्गातील सिलिकॉनमध्ये असे चुंबकीय अणुकेंद्र केवळ पावणेपाच टक्क्यांच्या आसपास अणूंत असते. तो समस्थानिकही वेगळा काढून शुद्ध सिलिकॉन-२८ वापरले, तर आसमंत जवळजवळ निःशब्द होतो. ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या संशोधकांनी २०१४ साली अशा सिलिकॉनमध्ये अवस्था शंभराहून अधिक मायक्रोसेकंद टिकविली, म्हणजे पूर्वीच्या हजारो पट. २०२२ च्या जानेवारीत सिडनी, डेल्फ्ट आणि जपानची रिकेन संस्था यांनी दोन क्यूबिटांमधील क्रियांची अचूकता नव्व्याण्णव टक्क्यांपुढे गेल्याचे एकाच वेळी प्रसिद्ध केले. त्रुटी दुरुस्त करण्याच्या ज्ञात पद्धती उपयोगी पडावयाच्या तर निदान एवढी अचूकता लागते. त्यामुळे तो टप्पा मोलाचा होता. त्याच वर्षी डेल्फ्टने सहा क्यूबिटांची रांग चालवून दाखविली.

आता प्रश्न असा की, आयबीएम कंपनीने २०२३ च्या अखेरीस अतिसंवाहक मार्गाने १,१२१ क्यूबिटांचे उपकरण जाहीर केलेले असताना सहा-बारा क्यूबिटांच्या या मार्गाची मातब्बरी कशाला? याचे उत्तर आकारात आहे. आज बँकांचे व्यवहार ज्या आरएसए पद्धतीच्या कुलुपांनी सुरक्षित आहेत, ती उघडण्यास दोन कोटी क्यूबिट लागतील असा अंदाज २०१९ साली करण्यात आला होता. त्याच अंदाजकर्त्यांपैकी एकाने २०२५ साली तो आकडा दहा लाखांच्या खाली आणला. म्हणजे खरे उपयोगी यंत्र हे हजारांचे नसून लाखांचे असेल. अतिसंवाहक क्यूबिट एका मिलिमीटरच्या आसपास जागा घेतो. क्वांटम बिंदू एकमेकांपासून सुमारे शंभर नॅनोमीटरवर बसविता येतात. कागदावरील हिशेबाने एका चौरस मिलिमीटरात ते कोट्यवधी मावतील. शिवाय त्यांची घडण आजच्या ट्रान्झिस्टरशी फार जवळची आहे. इंटेल कंपनीने २०२३ साली आपल्या नेहमीच्या कारखान्यात, तीनशे मिलिमीटर व्यासाच्या सिलिकॉन चकत्यांवर, बारा क्यूबिटांच्या चिपा काढल्या. सिडनीची डिराक कंपनी आणि बेल्जियममधील आयमेक संस्था यांनी २०२५ साली दाखवून दिले की कारखान्यात काढलेल्या उपकरणांतही नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक अचूकता मिळते. हाताने घडविलेला एखादा उत्तम नमुना आणि कारखान्यातून निघालेला सर्वसाधारण नमुना यांतील अंतर कमी होऊ लागले, हा त्याचा अर्थ.

अडचणी लहान नाहीत. कोणतेही दोन बिंदू अगदी सारखे निघत नाहीत. प्रत्येकाचे दाब वेगळे जुळवावे लागतात. लाखो बिंदूंना लाखो तारा जोडणे शक्य नाही. शीतकरणाचा प्रश्नही आहेच. अतिसंवाहक क्यूबिटांना निरपेक्ष शून्याहून अंशाच्या शंभराव्या भागाइतके वर ठेवावे लागते. सिलिकॉनमधील क्यूबिट एका अंशाच्या थोड्या वरही काम करतात, असे सिडनी व डेल्फ्ट येथील प्रयोगांत २०२० साली आढळले. हा फरक ऐकण्यास क्षुल्लक वाटला तरी शीतयंत्राच्या दृष्टीने फार मोठा आहे. या सर्व अडचणींचे स्वरूप पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. मूळ तत्त्व सिद्ध झालेले आहे. उरले आहे ते शुद्ध पदार्थ, काटेकोर थर, एकसारखी घडण, पुनःपुन्हा तेच यश देणारी प्रक्रिया. म्हणजे हा मार्ग आता मुख्यतः कार्यशाळेच्या शिस्तीचा मार्ग झाला आहे.

आपला पूर्वानुभव

आणि येथेच आपला इतिहास अस्वस्थ करणारा आहे. बुद्धिमत्तेत आपण कमी पडलो असे दिसत नाही. मुंबईतच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली ‘टिफ्रॅक’ हा संगणक घडविण्यात आला आणि १९६० साली तो कार्यान्वित झाला. परकीय यंत्राची आयात न करता, स्वतः रचना करून संगणक उभा करणे ही त्या काळी थोडी गोष्ट नव्हती. परंतु त्या एका यंत्रामागून कारखाना उभा राहिला नाही. १९६४ साली त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे अमेरिकन यंत्र आले. ते आणणे अयोग्य होते असे नव्हे; शास्त्रज्ञांना गणनशक्तीची निकड होती. मात्र घडविण्याचे जे कसब एकदा हाती आले होते त्याचे बीज पेरले गेले नाही.

अंधेरीच्या सीप्झचे उदाहरण याहून जवळचे. १९७३ साली इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठी हे क्षेत्र निर्माण झाले. त्याच्या नावातच इलेक्ट्रॉनिक्स होते. पुढे तेथे हिरे व दागिन्यांच्या उद्योगाला प्रवेश मिळाला, आणि आज सीप्झचे नाव निघाले की मुंबईकरांना आठवतात ते दागिन्यांचे कारखाने आणि संगणकप्रणाली लिहिणाऱ्या कचेऱ्या. दोहोंनी हजारो संसार उभे केले, याबद्दल त्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु चिप घडविणारा हात तेथे तयार झाला नाही. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये तो तयार होऊ लागला होता. १९८४ च्या सुमारास तेथे उत्पादन सुरू झाले, १९८९ साली आगीने कारखाना खाक केला, आणि तो पुन्हा उभा राहीपर्यंत जग कितीतरी पुढे निघून गेले. एका आगीत देशाचे सबंध कसब होरपळावे, याचा अर्थ ते एकाच ठिकाणी, फार थोड्या हातांत होते.

क्वांटम क्षेत्रातही हीच पुनरावृत्ती होण्याचा धोका आहे. २०२४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था, संरक्षण संशोधन संघटना आणि टाटा कन्सल्टन्सी यांनी सहा क्यूबिटांचा अतिसंवाहक संगणक चालवून दाखविला. २०२५ साली बंगळूरच्या एका कंपनीने पंचवीस क्यूबिटांचा संगणक जाहीर केला. त्याच वर्षी आंध्र प्रदेशात अमरावती येथे आयबीएमचे १५६ क्यूबिटांचे यंत्र बसविण्याचे ठरले. आयात यंत्रावर विद्यार्थ्यांनी प्रणाली लिहिण्यास शिकावे, हे इष्टच आहे. परंतु आयातीचा आकडा आणि घडणीचा आकडा यांची बेरीज करून आपण कोठे पोहोचलो हे सांगू लागलो, तर ती स्वतःचीच फसवणूक ठरेल.

पवईत काय आहे, काय हवे

पवईची आयआयटी १९५८ साली युनेस्को आणि सोव्हिएत संघ यांच्या साहाय्याने सुरू झाली. २००६ पासून तेथे नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचे केंद्र आहे आणि देशभरातील संशोधकांना तेथे येऊन उपकरणे घडविण्याची सोय केलेली आहे. अर्धसंवाहकांतील परिवलनावर तेथील भौतिकी विभागात काम चालते. हिऱ्याच्या स्फटिकातील एका विशिष्ट उणिवेत अडकलेल्या इलेक्ट्रॉनांचे परिवलन वापरून चुंबकीय क्षेत्राची सूक्ष्म चित्रे घेणारे सूक्ष्मदर्शक तेथे तयार झाले असून, चिपांची तपासणी करण्यासाठी त्याचा उपयोग करावा म्हणून टाटा कन्सल्टन्सीने २०२४ साली संस्थेशी सहकार्य जाहीर केले. म्हणजे एकाच इलेक्ट्रॉनचे एकच परिवलन. हिऱ्यात ते संवेदक होते, सिलिकॉनमध्ये क्यूबिट. अभियानाच्या वाटणीत मात्र संवेदन पवईला, संगणन बंगळूरला आणि उपकरणे दिल्लीला आहेत. कागदावर ही विभागणी सोयीची असेल, पण खात्यांच्या भिंती निसर्गाला ठाऊक नसतात. अभियानाला मान्यता देताना संगणनाच्या उद्दिष्टात अतिसंवाहक व प्रकाशीय मार्गांची नावे घेण्यात आली होती. सिलिकॉनमधील परिवलनाचा मार्गही तितक्याच स्पष्टपणे स्वीकारला गेला पाहिजे, आणि पवईला त्यात आपला वाटा मिळाला पाहिजे.

दुसरी गोष्ट पदार्थाची. सिलिकॉन-२८ हे समस्थानिक वेगळे करण्याच्या विद्येचे फळ आहे. आपल्या अणुऊर्जा विभागाने जड पाण्याच्या निर्मितीत ही विद्या आत्मसात केली, इतकी की जड पाण्याची आपण निर्यातही केली. पवईहून तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र काही मैलांवर आहे. या दोन संस्थांनी मिळून शुद्ध सिलिकॉनचा प्रश्न हाती घेतला, तर एका महत्त्वाच्या बाबतीत आपले परावलंबन संपेल.

तिसरी, आणि सर्वांत दुर्लक्षित, गोष्ट माणसांची. अशा कार्यशाळेत प्राध्यापक आणि संशोधक विद्यार्थी असतात तसे निर्वात पंप सांभाळणारे, द्रवरूप हेलियमची व्यवस्था पाहणारे, धूलिमुक्त कक्षातील यंत्रे अहोरात्र चालती ठेवणारे तंत्रज्ञही लागतात. संशोधक विद्यार्थी पाच-सहा वर्षांनी पदवी घेऊन जातो आणि त्याच्याबरोबर त्याच्या बोटांतील ज्ञानही जाते. ते टिकते ते कायम नोकरीतील तंत्रज्ञाकडे. आपल्याकडे यंत्रखरेदीला पैसा मिळतो, देखभालीला मिळत नाही, आणि तंत्रज्ञाची नेमणूक कंत्राटावर होते. ७२० कोटींची यंत्रे या पद्धतीने चालविली तर पाच वर्षांत ती प्लास्टिकच्या आच्छादनाखाली दिसतील.

हे तंत्रज्ञ कोठून येतील? मुलुंड आणि बोरिवली येथे औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. मुलुंडचे वझे, विद्याविहारचे सोमय्या, अंधेरीचे भवन्स अशा महाविद्यालयांतून पदार्थविज्ञान शिकलेले विद्यार्थी दरवर्षी बाहेर पडतात, आणि त्यांतील कित्येक जण बँकेच्या किंवा विमा कंपनीच्या परीक्षांकडे वळतात. जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यावरून बसने जाताना आयआयटीचे फाटक त्यांना रोज दिसते. आत जाण्याचा मार्ग म्हणजे ती एक अवघड प्रवेशपरीक्षा, अशीच त्यांची समजूत असते. पवईने या महाविद्यालयांतील पदवीधरांसाठी एका वर्षाचा प्रत्यक्ष कामाचा अभ्यासक्रम काढावा, आणि त्यांतील निवडकांना कायम जागा द्याव्यात. यासाठी फार मोठा पैसा लागणार नाही. लागेल ती थोडी प्रशासकीय इच्छा.

घाटकोपरच्या डोंगरउतारावर पाणी नीट पोहोचत नाही, बोरिवलीच्या लोकलमध्ये उभे राहण्यास जागा नाही, अशा देशाने हा खर्च का करावा, असा आक्षेप कोणी घेईल. तो अप्रामाणिक नाही. परंतु अभियानाचा सबंध खर्च आठ वर्षांत वाटला तर वर्षाला सुमारे ७५० कोटी, म्हणजे दरडोई साडेपाच रुपयांहून कमी पडतो. पाणी आणि लोकल यांचे प्रश्न त्या रकमेवाचून अडलेले नाहीत. शिवाय आपल्या बँकांची, रुग्णालयांची आणि सरकारी दप्तरांची कुलपे उद्या जुनी ठरणार आहेत. आज चोरून साठविलेली माहिती उद्याच्या यंत्राने उघडली जाऊ शकते, या भीतीनेच अमेरिकेच्या मानक संस्थेने २०२४ च्या ऑगस्टमध्ये नव्या कुलपांची मानके प्रसिद्ध केली. ही विद्या आपल्याकडे नसेल तर धोक्याची वेळ कोणती हे सांगणाराही परकाच असेल.

तेव्हा अभियानाचा हिशेब २०३१ साली कसा मागावयाचा, हे आजच ठरविले पाहिजे. किती क्यूबिट झाले, एवढेच विचारू नये. देशात घडविलेल्या शंभर क्वांटम बिंदूंपैकी किती चालले, आणि त्यांत परस्परांत किती फरक निघाला? बाहेरच्या किती महाविद्यालयांनी या कार्यशाळेत येऊन काम केले? किती तंत्रज्ञ कायम झाले, आणि यंत्रे वर्षातून किती दिवस बंद राहिली? हे प्रश्न संसदेत व वृत्तपत्रांत दरवर्षी विचारले गेले पाहिजेत. टिफ्रॅक घडविणाऱ्या पिढीला एक यंत्र साधले, पण त्याची परंपरा निर्माण करण्याइतका पाठिंबा देशाने तिला दिला नाही. पवईत आता यंत्रे येतील. ती आल्यावर तेथे टिकून काम करणारी माणसे असतील की नाही, हे मात्र ७२० कोटींच्या घोषणेत लिहिलेले नाही. ते लिहून घेण्याची वेळ हीच आहे.